झाडं झोपेत आहेत तोवर

मंगळवार, ६ फेब्रुवारी

तीर्थरूप वन्सं यांना,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तुमच्याकडेही ठीक असेल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. सात वर्षांनी लिहिलेल्या पत्रात हे वाक्य कसं दिसतं ते लिहून झाल्यावर कळलं, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड नको म्हणून राहू देते. तुमचा गुडघा कसा आहे? बसचा कंडक्टर सांगत होता की तुम्ही हल्ली काठी घेता, पण चढावर अजून त्याच्या बसच्या आधी पोचता. तो थापाड्या आहे, तरी ऐकून बरं वाटलं.

आमची खबर सांगायची तर मुलगी शिकून बाहेरगावी नोकरीला लागली. महिन्यातून एकदा येते, दोन दिवस राहते आणि आईबापांना चार गोष्टी शिकवून जाते. हे तसे बरे आहेत. केस मात्र सगळे पिकले. रोपवाटिकेत आता फुलझाडांच्या कुंड्याच जास्त. जमिनीत झाड लावून द्यायचं काम आम्ही घेत नाही. एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलं, 'हे कधी लावू?' तर हे म्हणतात, 'तुम्हाला वाटेल तेव्हा लावा,' आणि आत निघून जातात. मामंजींच्या रोपवाटिकेत माणसाला असं उत्तर मिळतं हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर म्हणाल ही ताकाला येऊन भांडं लपवते आहे.

आपली जागा गेली. ती आपली कधीच नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे. मालकाने ती गोदामं बांधणाऱ्यांना विकली. पानगळीच्या आधीच त्यांनी तसं कळवलं होतं. येत्या एकोणीस तारखेला, सोमवारी, जमीन सपाट करायचं यंत्र येणार. कुंड्यांचं काही नाही, त्या उचलून कुठेही ठेवता येतील. पण मागच्या वाफ्यात नासपतीची एक्केचाळीस झाडं जमिनीत उभी आहेत. मामंजींच्या नासपतीची.

तुम्हाला हे माहीत नसेल. अंगणातलं मामंजींचं मूळ झाड तीन वर्षांपूर्वी वाळलं. ते वाळायच्या आदल्या वर्षी ह्यांनी कलमं करायला त्याच्या फांद्यांवरचे डोळे काढून साध्या खुंटांवर भरले होते. कुणाला बोलले नाहीत. मलाही कोंब फुटल्यावर कळलं. त्यातली एक्केचाळीस जगली, आता माझ्या खांद्याला लागतात. मामंजींनी उभा जन्म घालून जी जात तयार केली ती जगात एवढीच उरली आहे. तुमच्याकडे एकही नाही हे मला ठाऊक आहे. पूर्ण पारख झाल्याशिवाय ते कुणाला फांदी देत नसत, पोटच्या पोरीलाही.

डिसेंबरात पानं झडल्या झडल्या खणून हलवली असती तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. ह्यांनी खणली नाहीत. रोज सकाळी वाफ्यापाशी जातात, फांदीवरच्या डोळ्यावर नख फिरवतात, मान हलवतात आणि परत येतात. आपल्या घरची रीत तुम्हाला सांगायला नको. जो खणणार त्यानं वेळ ठरवायची नाही, कारण खणणाऱ्याला कायम घाई असते. तुम्ही दोघं खणायचात तेव्हा मामंजी ठरवायचे, आणि ते अंथरुणाला खिळल्यावर तुम्ही. आता खणणारे हेच, आणि विचारायला कुणी नाही. तोंड दुधाने पोळलं आहे, आता ताकही फुंकून पिताहेत, आणि फुंकता फुंकता दोन महिने गेले.

इथं ऊन वाढायला लागलं आहे. अजून आठ-दहा दिवसांत डोळे फुगतील. एकदा फुगले की मुळं उघडी करून झाड हलवायचं म्हणजे त्याला मारायचंच, हे आता मलासुद्धा कळतं. पण तुमच्याकडे वर थंडी अजून तीन आठवडे राहते. घरामागचा उत्तरेकडचा उतार रिकामा आहे असंही कंडक्टर म्हणाला. झोपेत असतानाच झाडं वर आणली तर तिथं तशीच झोपून राहतील आणि आपल्या वेळेला जागी होतील. दुसरी जागा मी पुष्कळ शोधली, वन्सं. सगळीकडे ऊन आमच्याइतकंच आहे.

मागचं सगळं मनात ठेवू नका. तेव्हा निरोपात काहीतरी घोटाळा झाला. चूक कुणाची, काय, आता उगाळून कुणाचं भलं होणार आहे? मामंजी तर गेले. झाडं तेवढी वाचवा.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर कंडक्टरकडेच द्या, टपालाने नको.

तुमची भावजय

सोमवार, १२ फेब्रुवारी

ती. वन्सं,

नमस्कार. तुमची चिठ्ठी मिळाली. इतकी छोटी होती की पाकिटात दुसरा कागद राहिला आहे का म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. 'निरोपात घोटाळा झाला नव्हता. जागा आहे. एक्केचाळीस खड्डे घ्यायला सांगितले आहेत. पण झाडं घेऊन त्यानं स्वतः यायचं. तुझ्या चिठ्ठीवर बाबांचं एकही झाड मी उतरवून घेणार नाही.' बस. माझ्या शिवणकामातही मी एवढी काटकसर करत नाही.

तरी खड्डे घेताय हे वाचून मी वाफ्याच्या कडेला बसून रडले. रडून झाल्यावर उठले आणि ह्यांना सांगितलं. म्हटलं, तुमच्या ताईकडे जागा आहे, मी विचारलं, त्या हो म्हणाल्या.

ते कुंड्या धूत होते. हातातली कुंडी पुरती घासली, पालथी घातली, मग म्हणाले, "तिला कुणी विचारलं?"

"मी विचारलं. सोमवारी यंत्र येणार. दुसरीकडे कुठे नेणार आहात?"

"कुठेही नेईन. आगीतून उठून फुफाट्यात नाही नेणार. जिनं एकदा तीनशे बारा झाडं मारायला लावली, तिच्या दारात उरलेली एक्केचाळीस नेऊन टाकू?"

मी म्हटलं, सात वर्षं झाली. ते म्हणाले, "तिनं एकदा कबूल करावं. एकच वाक्य. 'मी तुला चुकीची वेळ सांगितली.' मग मी आज खणतो, आज निघतो. तिच्या पाया पडतो." आणि मग हळू आवाजात, "मला झाडांचं दुःख नाही गं. चुकली असती आणि 'चुकले' म्हणाली असती तर मी हसून सोडलं असतं. तिनं दारात उभं राहून 'मी नको म्हटलं होतं' असं खोटं सांगितलं. बाबांना जाऊन तीन दिवस झाले होते."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो तुम्हा दोघांचा एकाच वाकाचा आहे. तुम्ही म्हणता त्यानं यावं, ते म्हणतात तिनं म्हणावं. आणि मधे ती एक्केचाळीस झाडं.

वन्सं, इथली खरी परिस्थिती मी मागच्या पत्रात लिहिली नाही. 'हे तसे बरे आहेत' असं लिहिलं. हे बरे नाहीत. जेवायला बसतात आणि ताटाकडे बघत राहतात. गुरुवारी भर दुपारी कोयता घेऊन मागे गेले. मी धावले. तर पहिल्या झाडाच्या खुंटाशी कोयता टेकवून बसले होते. म्हणाले, "यंत्राखाली जाण्यापेक्षा माझ्या हातानं गेलेली बरी." मी कोयता हातातून काढून घेतला तर त्यांनी तो लहान मुलासारखा सोडून दिला. तो मी आता पिठाच्या डब्यामागे ठेवला आहे, आणि करवत शेजाऱ्यांकडे. मुलीला कळवलं तर ती म्हणाली, "आई, कापून टाका आणि मोकळे व्हा, किती दिवस त्या झाडांत जीव अडकवून बसणार आहात?" तिचं चुकत नाही. पण तिनं वडिलांना त्या वाफ्याशी बसलेलं पाहिलेलं नाही. मला झाडांची भीती वाटत नाही हो. झाडं गेल्यावर हे काय करतील, त्या विचारानं माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं.

म्हणून एक मागते. मागायला तोंड नाही, तरी मागते. ती एक ओळ लिहून द्या. 'माझं चुकलं, मी चुकीची वेळ सांगितली.' खाली सही. तुमचं त्यात काय जातं? तुम्ही तिथं वर एकट्या, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. एका ओळीनं झाडं वाचतील, तुमचा भाऊ वाचेल आणि सात वर्षांनी तुमच्या दारात उभा राहील. तुम्ही मोठ्या आहात. मोठ्यांनी कमीपणा घेतला तर तो कमीपणा राहत नाही.

ओल्या फडक्यात गुंडाळून चार झाडांच्या चार फांद्या पाठवते आहे. वेळ तुम्हीच सांगा. हे विचारत नाहीत, पण मी विचारते. कंडक्टरला म्हटलं आहे की फडकं सुकू लागलं तर वाटेत पाणी शिंपड. तो म्हणाला, "वहिनी, सवारी म्हणून तिकीट काढा यांचं."

उत्तर लगेच द्या. सात दिवस उरलेत.

तुमची भावजय

शुक्रवार, १६ फेब्रुवारी, दुपार

वन्सं,

तुमचं उत्तर काल संध्याकाळी आलं. फांद्यांबद्दल लिहिलं आहे, 'चारही झोपेत आहेत. शनिवार संपायच्या आत खणा, मुळं चिखलात बुडवून गोणपाटात बांधा, थांबू नका.' आणि खाली, 'ती ओळ लिहायला मी तयार आहे. पण माझं नेमकं काय चुकलं होतं ते मला आठवत नाही. ते तू मला लिहून कळव. तू लिहिशील तसं उतरवून सही करते.'

मी वाचलं आणि आधी मला हायसंच वाटलं. इतकी मी निर्ढावले आहे. लगेच कागद घेऊन बसले. लिहिलं, 'मला डोळा नीट ओळखता आला नाही.' आणि ते तुमच्या अक्षरात कसं दिसेल ते मनात आणून पाहिलं. हयातीत तुम्हाला एकही डोळा ओळखता आला नाही असं झालेलं नाही. तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'माझ्या बोलण्याचा अर्थ वेगळा झाला.' तोही फाडला. चार कागद झाले.

एवढ्यात हे आले. हातपाय धुतले नाहीत, मातीच्या हातांनीच माझ्यासमोर बसले. हातात एक फांदी होती. म्हणाले, "तू सांग."

"काय सांगू?"

"खणू का नको. मी खणणारा, मला ठरवता येत नाही. बाबा नाहीत. ताईवर माझा विश्वास नाही. तू खणत नाहीस, म्हणजे रीतीनं तू सांगू शकतेस." मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं. तर म्हणाले, "नाही कळलं तरी चालेल. ह्या घरात माझ्याशी कायम खरं बोललेलं माणूस तू एकटीच आहेस. तू हो म्हण, मी खणतो. मग मेली तरी मी कुणाला दोष देणार नाही."

फांदी माझ्या मांडीवर ठेवून ते बाहेर गेले आणि पायरीवर उत्तराची वाट पाहत बसले. त्यांनी मला मारलं असतं तर सोसलं असतं, वन्सं. हे नाही सोसलं.

तेव्हा तुम्ही मागितलेला मजकूर देते. तुम्हाला तो सगळा माहीत आहे. तरी लिहिते, पहिल्यापासून.

त्या फेब्रुवारीत बारा फांद्या ओल्या फडक्यात मांडीवर घेऊन मीच तुमच्याकडे आले होते. खालच्या उतारावर तीनशे बारा खड्डे तयार होते, माणसं लावलेली होती, मामंजींची खाट खिडकीशी सरकवून घेतली होती. थंडी त्या वर्षी लवकर सरली. तुम्ही ओसरीवर दोन शिकाऊ बायकांना कलम बांधायला शिकवत होता. तुम्ही बाराही फांद्यांवर नख फिरवलंत, एक डोळा सुरीनं उभा चिरून पाहिलात आणि म्हणालात, "जागे झालेत. आता हात लावायचा नाही. सांग त्याला, येत्या डिसेंबरात, पानगळ झाल्यावर." मी म्हटलं, "वरून तर तसे बंदच दिसतात." त्यावर तुम्ही हसलात. "शिवणाच्या दुकानातली तू. तुला डोळा काय आणि काज काय, सारखंच." त्या दोघी बायकाही हसल्या. मग तुम्ही मला चहा दिलात, बिस्किटं दिलीत, बसपर्यंत सोडायला आलात. तुमच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं.

पण बसमध्ये दोन तास मी तेच चघळत बसले. सतरा वर्षं ह्या घरात गोणपाटं शिवली, मुळं धुतली, पाणी ओढलं. पण झाड कुठं, कधी, कसं लावायचं यातलं एक अक्षर मला कधी कुणी विचारलं नाही. विचारायचं ते मामंजींना, नाहीतर ताईला. मी निरोप्या. फडकं घेऊन जायचं आणि उत्तर तोंडी आणायचं.

फाटकात हे उभे होते. मागे फावडी घेतलेली माणसं, आणि खिडकीत मामंजी उशांना टेकून मान वर करून बघत होते. सगळे माझ्या तोंडाकडे. आयुष्यात कधी कुणी माझ्या तोंडाकडे असं बघितलं नव्हतं. ह्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "लावा म्हणाल्या."

एवढंच. निरोपाचा घोटाळा हाच, आणि तो मी जाणूनबुजून केला. मामंजींना मरायच्या आधी आपली बाग खिडकीतून दिसावी म्हणून मी तसं बोलले, असं मी स्वतःला सात वर्षं सांगत आले. तेही थोडं खरं आहे. पण ते मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला फक्त एकदा माझ्या तोंडून झाडं लागायला हवी होती.

दहा दिवसांत पानं फुटली. सगळे खूश. मला वाटलं, बघा, आम्हालाही डोळा कळतो. तिसऱ्या आठवड्यात ऊन तापलं आणि पानं कडेनं काळी पडायला लागली. आम्ही रात्रंदिवस पाणी घातलं. खाली नवी मुळंच फुटली नव्हती, पाणी प्यायचं कुणी? मामंजी खिडकीतून बघायचे. मला बोलवायचे आणि विचारायचे, "सूनबाई, ती नेमकं काय म्हणाली, परत सांग." मी परत सांगायची. चौथ्या-पाचव्या वेळेला तर मी वर घालून सांगितलं, "त्या म्हणाल्या, बिनघोर लावा." त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं. शेवटच्या दिवसांत ह्यांना म्हणाले, "तिला बोलावू नका. माझ्या झाडांची तिला पर्वा राहिली नाही." मी पायाशी उभी होते. तोंड उघडायला तेवढी एक वेळ होती, आणि मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसले. म्हणून तुम्हाला वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही. ते तुमच्या भावामुळे नाही.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. ह्यांनी फाटक उघडलं नाही. तुम्ही बाहेरून म्हणालात, "मी नको म्हटलं होतं. हिला विचार." हे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी जे ऐकलं तेच सांगितलं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता तुम्ही त्या दोन शिकाऊ बायकांना साक्षीला आणाल, आता सगळं बाहेर येईल. पण माझी पोर माझ्या दंडाला धरून उभी होती, तिच्याकडे तुमची नजर गेली आणि तुम्ही काही न बोलता वळून चालायला लागलात. त्या दिवशी तुम्ही माझा संसार वाचवलात. मी तो बिनबोभाट घेतला. आणि सोमवारी तुम्हालाच लिहिलं, मोठ्यांनी कमीपणा घ्यावा म्हणून. हे वाक्य लिहिताना माझा हात कसा झडला नाही?

बाकी एक्केचाळीस झाडांचं काय ते तुम्हाला कळतं. पण ह्यांचं मला आता कळलं. तीनशे बारा झाडं मेली म्हणून ते असे झालेले नाहीत. ज्या बहिणीच्या नखावर डोळे मिटून विश्वास ठेवला तिनं फसवलं, मग स्वतःच्या नखावर तरी कसा ठेवायचा, असं त्यांचं झालं. दर थंडीत वाफ्यापाशी उभं राहून त्यांनी तेच सोसलं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून सात थंड्या बघत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत राहिले. आत काय होतं ते आता लिहिलं.

ते अजून पायरीवर बसले आहेत. मी लिहिते आहे हे त्यांना दिसतं. मघाशी एकदा म्हणाले, "एवढं काय लिहितेस? हो की नाही तेवढं सांग." मी म्हटलं, लिहूनच देते.

टेम्पोवाल्याला उद्या सकाळी सहाला सांगितलं आहे. गोणपाटं शिवून ठेवली आहेत, एक्केचाळीस आणि वर चार जास्तीची. चिखलाचा हौद कालवून तयार आहे. आत्ता तीन वाजलेत. दोन माणसं घेऊन लागले तर अंधार पडायच्या आत सगळी निघतील. त्यांनी खणायला घेतलं नाही तर मी घेईन. मला जमेल तसं घेईन. मुळं तुटतील, पण यंत्रापेक्षा कमी तुटतील.

हे पत्र कंडक्टरकडे देत नाही. ह्यांच्या हातात देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. वर तुमची फांद्यांबद्दलची चिठ्ठी जोडली आहे, तुमच्याच अक्षरातली, म्हणजे ह्या वेळी तुमचा निरोप माझ्या तोंडून जाणार नाही. त्यांना सांगणार आहे, आधी चिठ्ठी वाचा, मग पत्र, आणि मग तुमच्या ताईला नेऊन द्या. वाचून ते मला काय म्हणतील ते मला माहीत नाही. काहीच म्हणणार नाहीत अशी भीती जास्त वाटते.

उद्या दुपारच्या आत तुमच्या दारात टेम्पो थांबला तर त्यातून एकटाच माणूस उतरेल. त्याला आत घ्या. त्याचं काही चुकलेलं नाही. मला क्षमा करा असं मी लिहीत नाही. ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं, आणि त्यात मला विचारू नका.

हा कागद हातातून सुटेपर्यंत तरी,
तुमची भावजय